पाचावर धारण

चार पिकं यायला हवी होती, आली पाच. आता कुणी म्हणेल, बरंच झालं की! शेतात एक पीक जास्तीचं आलं तर माणूस गावभर सांगत सुटतो. पण ही पिकं शेतातली नव्हती, संगणकाच्या पडद्यावरची होती. आणि पडद्यावर आगंतुक पीक येणं म्हणजे घरच्या फोटोत अनोळखी माणूस निघणं. हा कोण, आला कुठून, आणि आपल्या आत्याशेजारी का उभा आहे, याचा खुलासा करताना भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

ज्या बाईच्या पडद्यावर हे घडत होतं तिला खात्यात सगळे चिपताई म्हणत. तिचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. पोस्टाच्या तिकिटाएवढी काचेची चकती, म्हणजे चिप, आणि तिच्यात केसाएवढ्या बारीक नळ्या. एका टोकाला मिश्रणाचा थेंब सोडायचा आणि विजेचा दाब द्यायचा, की मिश्रणातले पदार्थ पळत सुटतात. जो चपळ तो पुढं, जो आळशी तो मागं. दुसऱ्या टोकाला पिवळसर पूड चोपडलेली एक बारीक तार, तिच्यावर सतत निळा उजेड. त्या उजेडामुळं तारेत थोडा विद्युतप्रवाह वाहत राहतो. एखादा पदार्थ तारेजवळून गेला की प्रवाह वाढतो, पडद्यावरची सरळ रेषा टुणकन वर उडी मारते आणि खाली येते. त्या उडीला पीक म्हणायचं. तिच्या मिश्रणात चार पदार्थ होते, हे तिनं स्वतः घातलेले असल्यामुळं तिला पक्कं ठाऊक होतं. मग पाचवं पीक कुणाचं?

एरवी असल्या प्रश्नावर महिनाभर डोकं खाजवता आलं असतं. पण चिपताईच्या पीएच.डी.चं हे सहावं वर्ष होतं. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. शुक्रवारी तीन जणांची समिती येऊन काम डोळ्यांनी बघणार होती, आणि आणखी सहा महिने द्यायचे की फाईल कायमची बंद करायची, हे तिथल्या तिथं ठरवणार होती. समितीत दुसऱ्या विद्यापीठातून एक बाई येणार होत्या. त्यांना सगळे ‘बाहेरच्या बाई’ म्हणत, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली आणत. त्यांनी एकदा एका संशोधकाला नुसतं ‘बरं, मग?’ असं तीनदा विचारलं होतं. तो आता विमा विकतो.

सोमवार उजाडला तेव्हा चिपताईची पाचावर धारण बसली होती, आणि हे अगदी शब्दशः.

पाचवं पीक रोज यायचं, पण एकदाच. ती सकाळी नऊपासून दर तासाला एक थेंब सोडायची. नऊला चार पिकं. दहा, अकरा, बाराला चार. एकला पाच! एकचा थेंब तिच्या खास आवडीचा. मागच्या कारखान्याचा जेवणाचा भोंगा एकला व्हायचा, त्यांची मोठी यंत्रं थांबायची, विजेतली थरथर कमी व्हायची आणि पडद्यावरची रेषा कशी शांत, शहाण्यासारखी चालायची. म्हणून भोंग्यासरशी ती बटण दाबायची आणि वहीत सेकंद लिहायची. एक्केचाळीसला पहिलं, पंचावन्नला दुसरं, सत्तरला तिसरं, ब्याण्णवला चौथं. आणि एकशे दहाच्या आसपास ते मेलं पाचवं.

“घाण असणार,” ती स्वतःशी म्हणाली आणि घासायला बसली. बाटल्या घासल्या, नळ्या धुतल्या, पाणी बदललं. धुता धुता तीन चिपांतली एक हातातून निसटली आणि फरशीवर तिचे तीन तेरा वाजले. उरल्या दोन. इतकं करून मंगळवारी पाचवं पीक आलं ते आलंच, वर आज एकशे बेचाळीसला आलं. म्हणजे त्याला शिस्तही नव्हती.

मग तिचा संशय मिश्रण बनवायच्या खोलीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या संशोधकावर गेला. हा गृहस्थ रोज अंगाला इतकं अत्तर चोपडून यायचा, की तो जिन्यात असताना वरच्या मजल्यावर कळायचं.

“हे बघ, राग मानू नकोस,” चिपताई म्हणाली, “पण तुझं अत्तर हवेतून माझ्या बाटलीत जातंय.”

“कशावरून?”

“कशावरून नाही. पण शुक्रवारपर्यंत लावू नकोस ना, प्लीज.”

बिचारा भला माणूस. त्यानं अत्तर बंद केलं, आणि तो आजवर अत्तर का लावत होता ते बुधवारी दुपारपर्यंत सगळ्या खात्याला कळलं. पाचव्या पिकाला मात्र काही फरक पडला नाही.

घरी तरी सुख असावं? घरी बाबा होते. बाबा म्हणजे निवृत्त वायरमन. चाळीस वर्षं लोकांच्या घरात उजेड पाडलेला माणूस. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पेनाएवढी बॅटरी ठेवायची सवय अजून गेली नव्हती. कपाटात बघायचं असो की कानात, बॅटरी निघालीच. आई गेल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं, आणि लेकीनं डबा संपवला की नाही हे बघणं हेच त्यांचं आता मुख्य काम होतं. ती घाईत तीन दिवस डबा घरीच विसरून गेली, तेव्हापासून, म्हणजे गेले दहा दिवस, ते स्वतः डबा घेऊन जात आणि तिच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर ठेवून येत.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणं परत आलेला डबा उघडला, आत बॅटरी मारली आणि तोंड वाकडं केलं.

“दोन घास खाल्लेस फक्त.”

“भूक नव्हती, बाबा.”

“बरं. आज काय उजेड पाडलास?”

इतर बापांच्या तोंडी हा टोमणा झाला असता. बाबांच्या तोंडी ती साधी चौकशी होती, जशी कुणी ‘पाणी आलं का?’ म्हणून करतो. पण सहा वर्षं रोज हेच ऐकून चिपताईला आता तो शब्द दाढेत अडकल्यासारखा सलायचा.

“काही नाही पाडला. पाचवं पीक जात नाहीये.”

“मग येऊ दे की. पीक आलेलं वाईट असतं का कधी? वरच्या काकू विचारत होत्या, त्यांच्या कुंडीतल्या मिरचीला पीक येत नाही, तर तुझ्याकडं काही औषध आहे का?”

“बाबा!”

“नाही म्हणून सांगतो,” बाबा म्हणाले आणि गुडघ्याला मलम चोळत बसले. गुडघा कालपासून फारच धरला होता.

गुरुवारी पीक अठ्ठ्याण्णवला आलं, आणि नेमके त्याच वेळी तिचे मार्गदर्शक सर मागं उभे होते. सरांची रिटायरमेंट दीड वर्षावर होती, आणि जाण्यापूर्वी काहीतरी मोठं हाती लागावं अशी त्यांची फार इच्छा होती. एक वाजून दोन मिनिटांनी त्यांना वाटलं, लागलं.

“अगं, हे काय आहे?”

“सर, ते... मी घालवतेय. घाण आहे बहुतेक.”

“घाण?” सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “सकाळी चार वेळा येत नाही, आणि दुपारी बरोबर येतं. घाण घड्याळ बघून येते का? अगं वेडे, मिश्रण सकाळपासून ठेवलेलं आहे. चार तासांत त्यात नवीन पदार्थ तयार होतोय! कधी लवकर येतो, कधी उशिरा, कारण खोलीचं तापमान बदलतं. मंगळवारी गारवा होता की नव्हता?”

“होता, सर. थोडा.”

“झालं तर!”

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणून सर गेले, आणि अर्ध्या तासात त्यांनी बाहेरच्या बाईंना फोन करून टाकला. चिप इतकी संवेदनशील आहे, की मिश्रणात आपोआप तयार होणारा नवा पदार्थसुद्धा पकडते, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, “बरं, मग?” सर म्हणाले, “मग उद्या एक वाजता दाखवतोच!”

झालं! चिपताई आगीतून फुफाट्यात पडली. चार दिवस जे पीक घालवण्यासाठी ती जिवाचं रान करत होती, ते आता यायलाच हवं होतं. नाही आलं तर सर तोंडघशी, फाईल बंद, सहा वर्षं पाण्यात.

“आता काही म्हणजे काही बदलायचं नाही,” सरांनी बजावलं. “तीच बाटली, तेच पाणी, तीच खुर्ची. आणि त्या शेजारच्याला म्हणावं, अत्तर लाव. परत लाव. कशानं होतंय कुणाला ठाऊक!”

शुक्रवारी सकाळी चिपताई निघाली. ती दारातच बाबांना म्हणाली, “आज डबा आणू नका. समिती आहे. मी कँटीनमध्ये खाईन.”

“खाशील?”

“खाईन म्हटलं ना! आणि तिकडं फिरकू पण नका. आज काही गडबड झाली तर मी संपले, बाबा.”

“मी काय गडबड करणार? दार उघडायचं नाही, ठोकायचं नाही, हाक मारायची नाही. तुझे तिन्ही नियम पाळतो मी.”

“आज चौथा. यायचंच नाही.”

ती गेल्यावर बाबांनी कालचा डबा पुन्हा उघडून बघितला. जसा नेला होता तसाच परत आला होता.

पावणेएकला समिती अंधाऱ्या खोलीत शिरली. खोली मुळात गच्चीच्या जिन्याखालची अडगळ. बाहेरचा उजेड तारेवर पडला तर घोटाळा होतो, म्हणून खिडकीला काळा कागद आणि चिपवर काळं खोकं. वायरी आत जाण्यासाठी खोक्याला दाराच्या बाजूनं एक फट ठेवलेली. आत एका माणसाची जागा, माणसं पाच. बाहेरच्या बाई मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. अध्यक्षांना दम्यामुळं सारखी खिडकी उघडावीशी वाटत होती. तिसरे सदस्य अंधार पडताच झोपले. सर दाराला पाठ लावून उभे होते आणि चिपताई पडद्यासमोर बसली होती. पोटात कालपासून काही नव्हतं.

“हे पाचवं फक्त एकलाच येतं?” बाईंनी विचारलं.

“हो, मॅडम.”

“रोज घड्याळात नेमकं किती वाजता?”

चिपताईनं वही चाळली. वहीत सेकंद होते. थेंब सोडल्यापासूनचे, अगदी काटेकोर सेकंद. घड्याळातली वेळ एकाही पानावर नव्हती.

“ते... ते लिहिलेलं नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. ‘मग’ अजून बाकी होतं. सर दारापासून सरकून बाईंच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले, जणू त्यांनी तिथं उभं राहिल्यानं बाई कमी लिहिणार होत्या.

भोंगा झाला. तिनं बटण दाबलं.

एक्केचाळीस, पहिलं. पंचावन्न, दुसरं. सत्तर, तिसरं. ब्याण्णव, चौथं. आरशासारखी स्वच्छ पिकं. कुणी त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हतं.

एकशे दहा. रेषा सरळ.

एकशे तीस. सरळ.

“आज जरा गारवा आहे,” सर म्हणाले.

एकशे साठ.

“बराच गारवा आहे,” सर म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला.

एकशे ऐंशीला बाईंनी पेनाला टोपण लावलं. तो टिक असा आवाज चिपताईला कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोठा वाटला. ये ना रे बाबा, ती मनात म्हणत होती. हा रे बाबा कुणाला उद्देशून होता ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण एकशे शहाण्णवला रेषा उठली.

उठली ती उठलीच! चौथ्या पिकाच्या वर गेली, पडद्याच्या टोकाला जाऊन चिकटली.

“आलं!” सर ओरडले. तिसरे सदस्य दचकून जागे झाले.

पण रेषा खाली यायचं नाव घेईना. मग धपकन खाली आली, पुन्हा वर गेली. पुन्हा खाली, पुन्हा वर. असला पदार्थ जगात नव्हता. चिपताईचं डोकं बधिर झालं. बाहेरच्या बाई मात्र पडद्याकडंही बघत नव्हत्या आणि सरांकडंही. त्या काळ्या खोक्याकडं बघत होत्या. खोक्यावर नाण्याएवढा उजेडाचा ठिपका इकडून तिकडं फिरत होता, आणि फटीवर आला की रेषा वर जात होती.

बाई उठल्या, अध्यक्षांच्या पायांवरून गेल्या आणि दार उघडलं.

कुलपाच्या भोकाशी एक म्हातारा ओणवा उभा होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पेनाएवढी बॅटरी.

“कोण तुम्ही?”

“वायरमन,” सवयीनं उत्तर आलं. “म्हणजे, रिटायर.”

“मग इथं काय करताय?”

बाबांनी आत बघितलं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते गडबडले, आणि गडबडलेला माणूस खरं तेच बोलतो.

“काही नाही हो. आमच्या ताईनं काय उजेड पाडला, ते बघत होतो.”

मग नुकतेच जागे झालेले तिसरे सदस्य इतक्या जोरात हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

“बाबा, मी काय सांगितलं होतं?” चिपताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दार उघडलं नाही. ठोकलं नाही. हाक मारली नाही,” बाबा म्हणाले. “बघायचं नाही असं कुठं होतं? आत काळोख, तू पाठमोरी. दहा दिवस धड खाल्लं नाहीस. चक्कर येऊन पडलीस तर कुणाला कळणार? म्हणून डबा ठेवला की एकदा बॅटरी मारायची, ताई खुर्चीत आहे ना बघायचं आणि निघायचं. आज माणसं जास्त होती. तू कुठली ते सापडेना.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सर हळूच स्टुलावर टेकले.

बाहेरच्या बाईंनी मात्र पेनाचं टोपण परत काढलं होतं. “रोज किती वाजता येता?”

“फाटकाशी बाकावर बसतो. भोंगा झाला की उठतो, जिना चढतो.”

“मंगळवारी उशीर झाला होता?”

“मंगळवारी गुडघा धरला होता. पण तुम्हाला कसं कळलं?”

“इथं लिहिलाय तुमचा गुडघा,” बाईंनी चिपताईची वही दाखवली. “एकशे बेचाळीस. आणि काल लवकर आलात.”

“काल मलम चोळून आलो होतो.”

“अठ्ठ्याण्णव. आणि आज?”

“आज यायला बंदी होती,” बाबा खाली मान घालून म्हणाले. “भोंगा झाला तरी जावं की न जावं ठरेना. मग पाय ऐकेनात.”

बाई चिपताईकडं वळल्या. “म्हणजे नवा पदार्थ वगैरे काही नाही.”

सर काहीतरी बोलणार होते. त्यांच्याआधी चिपताईच बोलली. आता गमवायचं काही उरलं नाही असं तिला वाटत होतं, आणि त्यामुळं आवाजही कापला नाही. “नाही, मॅडम. चूक माझी आहे. एकलाच येतं हे दिसत होतं, तरी मी बाटलीत शोधत बसले. घड्याळ लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.”

“बरं, मग?” बाई म्हणाल्या.

चिपताईनं डोळे मिटले. विम्याचा धंदा तिला जमणार नव्हता.

“मग काय केलंत तुम्ही या आठवड्यात?” बाई पानं उलटत होत्या. “पाणी बदललंत. बाटल्या बदलल्यात. चिप बदललीत. शेजाऱ्याचं अत्तरसुद्धा बदललंत, इथं लिहिलंय. आणि ही पहिली चार? एक्केचाळीस, पंचावन्न, सत्तर, ब्याण्णव. एकही जागचं हललेलं नाही. पाचवं घालवायच्या नादात चार पक्की करून ठेवलीत, आणि सांगताय मात्र पाचव्याचंच!” त्या अध्यक्षांकडं वळल्या. “सहा महिने द्या. दोन अटी. वहीत यापुढं घड्याळाची वेळ लिहायची, आणि या कुलपाच्या भोकाचा बंदोबस्त करायचा.”

चिपताई बसल्या जागीच रडली. बाबांनी घाईघाईनं डबा उघडला. त्यांच्या मते रडण्यावरही तोच उपाय होता. त्या दिवशी डबा तिनं संपवला. सरांनीही दोन घास खाल्ले. त्यांनाही कालपासून जेवण गेलं नव्हतं.

भोकाचा बंदोबस्त बाबांनी स्वतः केला. चाळीस वर्षांचा हात, काळ्या टेपचे तीन पदर इतके नेटके बसवले, की सुईसुद्धा आत जाऊ नये.

सोमवारी भोंगा झाला, चिपताईनं बटण दाबलं. एक्केचाळीस, पंचावन्न, सत्तर, ब्याण्णव. एकशे दहाला रेषा सरळ होती. तिला हायसं वाटलं आणि उगीच थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

एकशे एकवीसला रेषेला एक छोटासा उंचवटा आला.

तिनं मागं वळून बघितलं. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत येऊन खुर्चीचे पाय शोधत होती. त्यात तिचे पाय सापडल्यावर ती समाधानानं थांबली.

चिपताईनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आणि बाहेरच्या बाईंची अट पाळून वहीत लिहिलं: ‘पाचवं पीक. एक वाजून दोन मिनिटं. कारण: जेवायला बोलावलंय.’

आणि ती उठली.